दाराच्या आतला कागद

‘सापडलं नाही’ या दोन शब्दांवर मी सव्वीस वर्षं पोट भरलं. लोकांना काही सापडेनासं झालं की मला फोन यायचा आणि सापडलं की कोणाला माझी आठवण राहायची नाही. नात्यातल्या लग्नात माझी ओळख ‘ही कॉम्प्युटर दुरुस्त करते’ अशी करून दिली जायची. मी डेटाबेस सांभाळते, मला कॉम्प्युटरचा साधा स्क्रूसुद्धा काढता येत नाही, असं सांगून पाहिलं. तरी एकदा मला पंगतीतून उठवून मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा प्रिंटर बघायला नेलंच. तो प्रिंटर नेमका सुरू झाला, त्यामुळे माझं म्हणणं आणखी कमजोर झालं.

मिहानमधल्या एका कंपनीतून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीतले अनुभव लिहा म्हटल्यावर खरं तर मोठमोठ्या सर्व्हरच्या गोष्टी सुचायला हव्या होत्या. मला आठवल्या त्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधल्या सुमनताई. माझं काम मला त्यांच्याइतकं कोणी शिकवलं नाही, आणि त्यांना तर डेटाबेस हा शब्द नीट उच्चारायचाही कंटाळा होता.

आधी माझं काम थोडक्यात सांगते. डेटाबेस म्हणजे मुळात रकाने. नाव, वय, गाव, तारीख. रकान्यातलं शोधणं सोपं असतं. पण डॉक्टर जे लिहितात ते रकान्यात मावत नाही. पेशंट घरी जाताना जो कागद देतात, डिस्चार्ज कार्ड, त्यात दीड-दोन पानं मजकूर असतो. त्यातला एखादा शब्द शोधायचा तर मशीनलाही प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो, आणि लाखभर कागद असले तर विचारणारा चहा पिऊन परत येतो तरी उत्तर आलेलं नसतं. म्हणून मशीन फावल्या वेळात सगळे कागद आधीच वाचून ठेवतं आणि कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची यादी करतं. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी. या यादीला आम्ही कॅटलॉग म्हणतो. आपण शोधतो तेव्हा मशीन कागद उघडतच नाही, ते कॅटलॉग बघून उत्तर देतं. तुम्ही हे ध्यानात ठेवा, कारण ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे त्या दिवशी मी ते ठेवलं नव्हतं.

या हॉस्पिटलात शोधाची सोय मी बसवली तेव्हा तिचं कौतुक फार झालं. त्वचारोगाचे एक वयस्क डॉक्टर होते, फार सभ्य माणूस. ते शोधाच्या चौकटीत लिहायचे, ‘कृपया मला सोरायसिसचे जुने पेशंट दाखवावेत, आभारी आहे.’ मशीन बिचारं ‘कृपया’ आणि ‘आभारी’ हे शब्दसुद्धा असलेला कागद शोधायचं आणि हात हलवत परत यायचं. डॉक्टरांना वाटायचं, आपलं काही बोलायचं चुकलं. ते पुढच्या वेळी आणखी नम्रपणे लिहायचे. शेवटी मीच त्यांना हात जोडून सांगितलं, सर, थोडं उद्धट व्हा.

सुमनताईंना मात्र कौतुक नव्हतं. बाई मौद्याजवळच्या एका खेड्यातल्या. घरची शेती दीर करायचे, आणि ह्या बत्तीस वर्षं रोज बसने येऊन रेकॉर्ड रूम सांभाळत होत्या. उंची पाच फुटाच्या आत, खांद्याला कापडी पिशवी, आणि चष्मा नेहमी कपाळावर. त्यांच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला. कोणत्या वॉर्डाच्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या फायली, एकूण किती, शेवटची कधी ठेवली, कोणती बाहेर गेली, कोणाकडे, आणि परत आली का. परत आली की नेणाऱ्याची सही. कोणीही फाइल मागितली की त्या दार उघडून आधी तो कागद बोटाने वाचत खाली यायच्या आणि मग फाइलींना हात लावायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घाई होती. मी म्हटलं, “ताई, सरळ फाइलच बघा ना.”

“आधी कपाटाले विचारतो मी, का बाई, तुह्यात काय काय आहे,” त्या म्हणाल्या. “त्यानं सांगितलं का मंग फाइल पाहतो. नाही तर फाइल बाहेर गेलेली राहते अन् आपण म्हणतो, नव्हतीच.”

मी हसले. माझ्या मशीनलाही हे विचारता येतं, असं मी त्यांना ऐटीत सांगितलं. आणि ते खरं होतं. कॅटलॉगला स्वतःबद्दल विचारता येतं. तुझ्यात किती कागद आहेत, तू आत्ता भरतो आहेस की निवांत आहेस, शेवटचा कधी भरलास. दोन-चार ओळींची आज्ञा दिली की लगेच उत्तर मिळतं. फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो तारखेत देत नाही. एक जानेवारी १९९० पासून किती सेकंद लोटले, तो आकडा देतो. ज्याने हे ठरवलं त्याच्या घरी कॅलेंडर नसावं. दहा आकडी संख्या समोर येते, ती पाहून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. मी वर्षानुवर्षं तशीच मान डोलावत आले होते. मी फक्त ‘निवांत’ एवढं बघायची. निवांत आहे म्हणजे काम संपलं आहे, असा माझा समज.

दर मंगळवारी मी त्या हॉस्पिटलात जायची. जुन्या कॉम्प्युटरांवर टाइप केलेली सगळी डिस्चार्ज कार्डं नव्या डेटाबेसमध्ये आणायचं काम चाललं होतं. या कार्डांत नाव-गावसुद्धा मजकुरातच होतं, वेगळ्या रकान्यात नव्हतं. अलीकडची वर्षं आधी, जुनी मागून. कपाटं रिकामी करून फायली तळघरात खोक्यांमध्ये गेल्या. खोक्यांवर नुसते नंबर टाकायचे ठरले होते. सुमनताईंनी कोणाला न विचारता कपाटांच्या दारांवरचे कागद पाणी लावून अलगद सोडवले आणि त्या त्या खोक्यांच्या झाकणांना आतून डकवले. आठवडाभर त्यांच्या बोटांना खळ लागलेली असायची. प्रशासनातले एक साहेब म्हणाले, आता हे कशाला, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांनी ‘हो साहेब’ म्हटलं आणि डकवत राहिल्या.

तीनेक वर्षांपूर्वीचा जानेवारीतला मंगळवार. सकाळी सव्वादहा झाले असतील. मी रेकॉर्ड रूममध्ये सुमनताईंच्या शेजारी बसले होते. ऑपरेशन थिएटरमधून भूलतज्ज्ञ डॉक्टर मोहरील यांचा फोन आला. मौद्याच्या कमलताई राऊत, शिवणाचे क्लास घेणाऱ्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. आयत्या वेळी त्यांच्या सुनेने सांगितलं होतं, की खूप वर्षांपूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन इथेच झालं तेव्हा आई लवकर शुद्धीवर आल्या नव्हत्या. का ते तिला ठाऊक नव्हतं. जुनं कार्ड घरात सापडत नव्हतं, आणि हॉस्पिटलचे पेशंट नंबर मध्यंतरी बदलले होते. डॉक्टरांना जुना कागद हवा होता. अकराला ऑपरेशन होतं.

सुमनताईंनी नाव, गाव आणि ऑपरेशन टाकून शोधलं. पडद्यावर ओळ आली, ‘एकही नोंद सापडली नाही.’ त्यांनी शब्द बदलून दोनदा पाहिलं. तेच उत्तर.

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. आणि मी, इतक्या वर्षांच्या नोकरीच्या तोऱ्यात, म्हटलं, “डॉक्टर, इथला कागद असता तर सापडलाच असता. बाईंचं ऑपरेशन दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात झालं असेल. सुनेची गल्लत होत असेल.”

“नक्की ना?”

“नक्की,” मी म्हटलं.

फोन ठेवला तर सुमनताई जागेवर नव्हत्या. त्या बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलेल्या सुनेशी बोलत होत्या. परत आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “बाई इथंच होती.”

“कशावरून?”

“सून म्हणते, सासूचं स्ट्रेचर उतारावरून घसरलं अन् तिघांनी धरलं. तिच्या लग्नाच्या आदल्या का नंतरच्या उन्हाळ्यात. अख्ख्या धंतोलीत असा उतार आपल्याच इथं होता. आता लिफ्ट आहे ना, तिथं. मी त्या उतारावरून फायली घेऊन बत्तीस डाव पडली असन.”

“मग कार्ड टाइपच झालं नसेल.”

त्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “तुमच्या ह्या कपाटाच्या दाराचा कागद दाखवा मले.”

मी जरा वैतागूनच आज्ञा टाइप केली. तीन उत्तरं आली. स्थिती शून्य, म्हणजे निवांत. “पाहा, काही अडलेलं नाही,” मी म्हटलं.

“किती कागद आहेत म्हणते?”

“एक लाख बारा हजार.”

“अन् आपण टाकले किती?”

मी मूळ टेबलातली संख्या काढली. एक लाख एकोणसत्तर हजार. सुमनताईंनी वजाबाकी तोंडीच केली. “सत्तावन्न हजार कमी आहेत. अन् हा लांबलचक आकडा काय आहे?”

“शेवटचं कधी भरलं, ते. सेकंदांत.”

“म्हणजे कोणती तारीख?”

मी तो आकडा आयुष्यात पहिल्यांदा तारखेत बदलून घेतला. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची तारीख आली, आणि त्याबरोबर मला सगळं लख्ख आठवलं. पोळ्याच्या दिवशी मी जुन्या कार्डांचा शेवटचा गठ्ठा डेटाबेसमध्ये चढवत होते. चढवताना कॅटलॉग मागोमाग वाचत बसला तर काम रेंगाळतं, म्हणून मी त्याला सांगून ठेवलं, आपणहून भरू नकोस, मी सांगेन तेव्हा भर. गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी चढून झाला. तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. माझं घर महाल भागात, मारबतीची मिरवणूक निघाली की आमच्याकडचे रस्ते दुपारपर्यंत बंद. त्याआधी घरी पोचायचं म्हणून मी लॅपटॉप मिटला आणि निघाले. ‘आता भर’ हे सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून पाच महिने कॅटलॉग माझ्या हुकुमाची वाट पाहत निवांत बसला होता. सर्वांत जुने सत्तावन्न हजार कागद त्याने वाचलेच नव्हते. नव्या कार्डांचा कॅटलॉग वेगळा होता आणि इतकं जुनं कोणी मागितलं नव्हतं, म्हणून लक्षात आलं नाही.

आता जे झालं ते लिहायला मला अजूनही जड जातं. माझे हात कीबोर्डवर गेले. मी भरायची आज्ञा दिली आणि म्हटलं, “सुरू केलं. तासाभरात सगळं येईल. ते आलं की आपण वर कळवू.” माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. चूक गुपचूप दुरुस्त व्हावी आणि मग ‘सापडलं बरं का’ असा फोन करावा, एवढंच होतं.

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या मला मॅडम म्हणायच्या. “काहून वं अनघा,” त्या म्हणाल्या, “ते भरन तवा भरन. तिकडं बाई टेबलावर झोपून राहिली. तू तिच्या डॉक्टरले ‘नाही’ सांगितलं ना? ते आधी परत घे.”

त्यांनीच नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“डॉक्टर, मी मघाशी चुकीचं सांगितलं,” मी म्हटलं. “आमच्या शोधात जुने कागदच नाहीत. ही माझी चूक आहे. कमलताईंचं ऑपरेशन इथेच झालेलं आहे. कृपा करून थांबा.”

डॉक्टर मोहरील म्हणाल्या, “मी सुरू करणारच होते. थांबते. पण किती वेळ?”

मी पडद्याकडे पाहिलं. सुमनताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “पाऊण तास द्या, मॅडम. मी खाली जातो.” आणि त्या पिशवी तिथेच टाकून तळघराकडे निघाल्या.

मला त्यांच्या मागे जायचं होतं, पण त्या म्हणाल्या, तू इथं बस, तुह्यावालं आधी सापडलं तर मले हाक मार. मी बसले. दर मिनिटाला कॅटलॉगला विचारत राहिले, किती झाले, किती उरले. इतक्या मनापासून मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. आकडा चढत होता, पण आपल्या चालीने. खोलीच्या दारात सून येऊन उभी राहिली. तिने विचारलं, “मॅडम, आईचं काही चुकलं का?” मी म्हटलं, “नाही, माझं चुकलं.” तिला काय कळलं कोण जाणे, ती भिंतीला टेकून उभीच राहिली.

तळघरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सुमनताईंनी सुनेकडून लग्नाचं साल घेतलं होतं. बायकांचा सर्जरी वॉर्ड, त्याच्या आदला आणि नंतरचा उन्हाळा. झाकणांच्या आतले कागद टॉर्चने वाचत त्यांनी त्या वॉर्डाच्या चाळीसेक खोक्यांतून दोन खोकी बाजूला काढली. पहिल्यात नव्हतं. दुसऱ्याच्या मध्यावर होतं.

अकराला पाच कमी असताना त्या वर आल्या. केसांवर कोळ्याची जाळी, पदर धुळीने पांढरा, छातीशी पिवळी पडलेली फाइल. आम्ही दोघी लिफ्टची वाट न पाहता जिना चढलो. डॉक्टर मोहरील थिएटरच्या दारात आल्या, हातमोजे काढून त्यांनी फाइल उघडली. तेव्हाच्या भूलतज्ज्ञाने सविस्तर लिहिलं होतं. स्नायू सैल करायचं अमुक इंजेक्शन दिल्यावर बाईंचा श्वास कित्येक तास परत आला नाही, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. खाली लाल शाईने दोन रेघांमध्ये, हे इंजेक्शन या पेशंटला पुन्हा कधीही देऊ नये.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन एक सिरिंज घेऊन आल्या आणि आमच्यासमोर ती टाकून दिली. “हेच भरून ठेवलं होतं,” एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन दुपारी झालं, दुसऱ्या औषधावर. चार वाजता कमलताई डोळे उघडून पाणी मागत होत्या. आम्ही खाली आलो तेव्हा माझ्या कॅटलॉगने काम केव्हाच पूर्ण केलं होतं. मी शोधून पाहिलं. कमलताईंचं कार्ड पहिल्या ओळीत हजर. सुमनताई वाकून बघत म्हणाल्या, “अरे वा, तुह्यावालंही आलं.” त्यात टोमणा नव्हता, त्या खरंच खूश झाल्या होत्या.

माझ्या चुकीबद्दलचा अहवाल मी स्वतः लिहिला, कंपनीत आणि हॉस्पिटलात दोन्हीकडे दिला. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. त्या आठवड्यात मी आणखी एक काम केलं. शोधाच्या चौकटीच्या वर एक ओळ घातली, मोठ्या अक्षरांत. कॅटलॉगमध्ये किती कागद आहेत, किती वाचायचे बाकी आहेत, शेवटचा कधी भरला. तारीख तारखेसारखी. आणि ‘एकही नोंद सापडली नाही’ हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं, ‘वाचलेल्या इतक्या कागदांत सापडलं नाही.’ पुढे मी जिथे जिथे शोध बसवला, तिथे ही ओळ गेली. लोकांनी विचारलं, ही कल्पना कुठली, तर मी सांगायची, धंतोलीतल्या एका कपाटाची. लोकांना वाटायचं, मी गंमत करते.

पाचव्या दिवशी, शनिवारी, सुमनताईंचा मला फोन आला. येऊन जा म्हणाल्या. मिहानहून धंतोलीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार. रेकॉर्ड रूममध्ये शिरले तर टेबलावर खोक्याचं झाकण पालथं ठेवलेलं, आतला कागद वर. शेवटच्या ओळीत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, राऊत कमल, मौदा. मंगळवारची तारीख. कोणाकडे, थिएटर. ‘परत’ या रकान्यात काहीच नव्हतं.

“सही कर,” त्या म्हणाल्या. “नेणारी तूच होती माह्यासंगं.”

“ताई, फाइल तर त्याच दिवशी संध्याकाळी परत आली ना? मीच आणून दिली होती.”

“फाइल आली,” त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बोट केलं. खाली फाटकापाशी ऑटो उभा होता. सून पिशव्या आत ठेवत होती, आणि कमलताई एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने ऑटोच्या सीटची उसवलेली शिवण चाचपून बघत होत्या. “पण गेली होती तिच्यासाठी ना. ती घरी निघाली नव्हती, तर मी परत कसं लिहू?”

ऑटो वळून दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी त्या रकान्यात शनिवारची तारीख टाकली आणि पेन माझ्यापुढे केलं. मी सही केली.